बारावीला टक्के कमी पडले, तरी नर्सिंगला जायचंय? मग आधी हा हिशेब करा

गुणपत्रिका समोर घ्या आणि वरची एकूण टक्केवारी हाताने झाका. बीएस्सी नर्सिंगसाठी ती फारशी कामाची नाही. फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोलॉजी या तीनच विषयांचे गुण कागदावर लिहा आणि बेरीज करा. ३०० पैकी १३५ किंवा त्याहून जास्त असतील आणि इंग्रजीत तुम्ही पास असाल, तर खुल्या प्रवर्गातूनही तुम्ही बीएस्सी नर्सिंगला पात्र आहात. नर्सिंग शिक्षणाचे देशभरातले नियम ठरवणाऱ्या इंडियन नर्सिंग कौन्सिलची अट तीन विषयांत मिळून ४५ टक्क्यांची आहे. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि ओबीसी विद्यार्थ्यांसाठी ती ४० टक्के, म्हणजे ३०० पैकी १२० गुण, इतकी आहे. प्रत्येक विषयात वेगळे ४५ लागत नाहीत. फिजिक्समध्ये ३६, केमिस्ट्रीत ४१ आणि बायोलॉजीत ५८ मिळाले असतील, तर बेरीज बरोबर १३५ होते आणि दार उघडतं.

हा हिशेब न केल्याने दोन प्रकारचे विद्यार्थी फसतात. काहींना एकूण ५२ टक्के पाहून निराश वाटतं आणि ते अर्जच भरत नाहीत, खरं तर त्यांचे पीसीबीचे, म्हणजे याच तीन विषयांचे, १४० असतात. खुल्या प्रवर्गातल्या काहींना एकूण ६० टक्के असतात, पण ते मराठी आणि इतर विषयांच्या जोरावर. त्यांचे पीसीबीचे १२८ भरतात आणि कागदपत्रांच्या तपासणीत नाव बाद होतं. तिन्ही विषयांत काठावर ३५-३५ घेऊन पास झालेल्याचे १०५ होतात. तो बारावी पास आहे, पण बीएस्सी नर्सिंगला पात्र नाही. गणितासोबत कॉम्प्युटर सायन्स किंवा इलेक्ट्रॉनिक्स घेऊन बायोलॉजी सोडलेल्यांनाही बीएस्सीचं दार बंद आहे, मग टक्के कितीही असोत.

१३४ म्हणजे १३५ नव्हे. ४४.६७ टक्क्यांचे ४५ कोणी करून देत नाही. बेरीज १३० ते १३४ मध्ये अडकली असेल, तर निकालानंतरचे पहिले काही दिवस सोन्यासारखे आहेत. आधी बोर्डाकडे उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीसाठी ऑनलाइन अर्ज करा. पुनर्मूल्यांकनासाठी छायाप्रत घेणं सक्तीचं आहे, आणि ती हातात आल्यापासून कामकाजाच्या पाच दिवसांत पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करावा लागतो. ती प्रत कनिष्ठ महाविद्यालयातल्या त्या विषयाच्या शिक्षकांना दाखवा. उत्तर लिहिलेलं असूनही न तपासलेलं, बेरजेत राहिलेलं, पुरवणीवर लिहून सुटलेलं असं काही सापडलं तरच पुढचे पैसे भरा. नुसत्या आशेवर पुनर्मूल्यांकन करून गुण वाढत नाहीत.

दाराच्या आत आलात, की बारावीचे टक्के मागे पडतात

ही गोष्ट पालकांच्या लवकर लक्षात येत नाही, म्हणून ठासून सांगावीशी वाटते. महाराष्ट्रात बीएस्सी नर्सिंगची गुणवत्ता यादी राज्य सीईटी सेलच्या नर्सिंग सीईटीवर, म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षेवर, लागते. बारावीचे गुण पात्रतेपुरते पाहिले जातात. १३६ गुण मिळवून सीईटी चांगली दिलेली मुलगी, २१० गुण मिळवून सीईटीत घसरलेल्या मुलीच्या पुढे जाते. बारावी बिघडली असेल, तर ती भरून काढायची जागा हीच.

अडचण एकच आहे: सीईटीचा अर्ज बारावीचा निकाल लागण्याआधीच भरून संपतो. "निकाल बघू, मग ठरवू" म्हणणाऱ्यांचं वर्ष इथेच जातं. पेपर वाईट गेलेत असं वाटत असलं तरी अर्ज भरा. जानेवारीपासून सीईटी सेलचं संकेतस्थळ आठवड्यातून एकदा उघडा, मुदतवाढीच्या सूचना तिथेच येतात. एएनएम (दोन वर्षांचा) आणि जीएनएम (तीन वर्षांचा) या नर्सिंगच्या इतर अभ्यासक्रमांसाठीही त्या वर्षी वेगळ्या सीईटीची सूचना निघते का, ते त्याच वेळी पाहून ठेवा.

कौन्सिलच्या आराखड्यानुसार प्रश्नपत्रिका १०० गुणांची असते. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्रजी आणि नर्सिंग अॅप्टिट्यूड या पाच भागांना प्रत्येकी २० गुण. पात्रतेसाठी खुल्या प्रवर्गाला ५० पर्सेंटाइल आणि आरक्षित प्रवर्गाला ४० पर्सेंटाइल अशी मूळ अट आहे. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. ५० पर्सेंटाइल म्हणजे परीक्षा दिलेल्यांपैकी निम्मे तुमच्या मागे आहेत. पेपर सगळ्यांनाच अवघड गेला, तर कमी गुणांतही ते जमतं.

आता या पाच भागांकडे कच्च्या विद्यार्थ्याच्या नजरेने पाहा. इंग्रजी आणि अॅप्टिट्यूड मिळून ४० गुण आहेत आणि त्यांचा बारावीच्या विज्ञानाशी संबंध नाही. बायोलॉजीचे २० धरले, तर ६० गुण एकही गणित न सोडवता मिळवता येतात. बहुतेक मुलं उलटं करतात. फिजिक्सची भीती असते म्हणून सगळा वेळ फिजिक्सला देतात आणि इंग्रजी शेवटच्या आठवड्यात उघडतात.

बायोलॉजीत आधी माणसाचं शरीर घ्या. बारावीचे श्वसन आणि रक्ताभिसरण, नियंत्रण आणि समन्वय, मानवी आरोग्य आणि रोग, प्राण्यांमधील प्रजनन हे धडे, आणि अकरावीचे मानवी पोषण, उत्सर्जन, सांगाडा आणि हालचाल, प्राण्यांच्या ऊती. अकरावीची पुस्तकं रद्दीत गेली असतील तर बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ मिळते. धडा वाचून झाला की हृदयाची, नेफ्रॉनची, मेंदूची आकृती न बघता काढा आणि नावं द्या. नावं अडली तिथे पाठांतर कच्चं आहे. वनस्पतींचे धडे त्यानंतर. हा अभ्यास वाया जात नाही, कारण नर्सिंगच्या पहिल्या सत्रात अॅनाटॉमी आणि फिजिओलॉजी समोर उभे असतातच.

इंग्रजीत काळ, शब्दयोगी अव्ययं, समानार्थी-विरुद्धार्थी शब्द, वाक्यातली चूक ओळखणं आणि उतारा. रोज ४५ मिनिटं, तीन महिने. मराठी माध्यमातून आलेल्यांनी एक वही फक्त चुकलेल्या वाक्यांची ठेवावी: आपलं चुकीचं वाक्य, खाली बरोबर वाक्य. नियम पाठ करण्यापेक्षा ही वही जास्त उपयोगी पडते.

अॅप्टिट्यूडमध्ये साधी तर्कबुद्धी आणि रुग्णालयातले प्रसंग येतात. प्रसंगाच्या प्रश्नात चार पर्यायांपैकी दोन बरे वाटतात. तेव्हा क्रम लक्षात ठेवा: आधी रुग्णाचा जीव आणि सुरक्षितता, मग वरिष्ठांना कळवणं, मग नोंद. डॉक्टरांच्या लेखी सूचनेशिवाय औषध देणं, रुग्णाची माहिती बाहेर सांगणं, चूक लपवणं, यातलं काही ज्या पर्यायात असेल तो बाद करा.

फिजिक्स, केमिस्ट्रीत सगळं करायला जाऊ नका. केमिस्ट्रीत द्रावणं, आम्ल-आम्लारी आणि पीएच, जैवरेणू, संयुगांची नावं. फिजिक्समध्ये एककं आणि मिती, द्रवाचा दाब, उष्णता, विद्युतप्रवाह, प्रकाश यांतली एका पायरीत सुटणारी उदाहरणं. सिद्धता सोडून द्या. ४० पैकी १८-२० मिळाले तरी पुरे. शेवटच्या महिन्यात आठवड्याला दोन पूर्ण सराव पेपर घड्याळ लावून, संगणकावर सोडवा. चुकीच्या उत्तराला गुण कापतात का, ते त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत पाहा. कापत नसतील, तर एकही प्रश्न कोरा सोडू नका.

१३५ होतच नाहीत, तेव्हा

इथे घरात दोन तट पडतात: "वर्ष वाया घालवू नको" आणि "पुन्हा परीक्षा दे". वर्षं मोजून पाहा.

बारावी पुन्हा देऊन बीएस्सीला गेलात तर १ अधिक ४, म्हणजे पाच वर्षं. आत्ताच जीएनएमला गेलात आणि नंतर पोस्ट बेसिक बीएस्सी (जीएनएमनंतरची दोन वर्षांची पदवी) केलंत, तर ३ अधिक २, म्हणजे पाचच वर्षं. पदवी एकाच वेळी हातात येते. फरक मधल्या काळाचा आहे. जीएनएमवाल्याला तिसऱ्या वर्षाअखेर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी मिळून नोकरी करता येते, पुन्हा परीक्षा देणाऱ्याच्या हातात पहिल्या वर्षी काहीच नसतं. पदवीनंतर एमएस्सी नर्सिंगला जाताना नर्सिंगच्या पदवीत ५५ टक्के आणि वर्षाचा अनुभव लागतो. बारावीला ४० होते की ८०, हे तिथे गुणवत्तेत धरत नाहीत.

आमचं मत स्पष्ट आहे. खुल्या प्रवर्गात असून बेरीज १२० ते १३४ असेल आणि आजारपण, घरातली अडचण अशा ठोस कारणाने पेपर बिघडले असतील, तर पुन्हा परीक्षा द्या. बेरीज ११० च्या खाली असेल आणि फिजिक्स-केमिस्ट्रीत मनच लागत नसेल, तर जीएनएम घ्या. तिथे हे दोन विषय त्या रूपात येतच नाहीत. घरची परिस्थिती लवकर कमावण्याची असेल, तरीही जीएनएमच.

पुन्हा परीक्षा देण्याचे दोन रस्ते आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. एखाद्या विषयात नापास असाल, तर जून-जुलैची पुरवणी परीक्षा. नर्सिंगच्या फेऱ्या बहुधा उशिरापर्यंत चालतात, त्यामुळे सीईटी दिलेली असेल तर पुरवणीत पास होऊन त्याच वर्षी प्रवेश मिळण्याची शक्यता राहते. मात्र मूळ गुणपत्रिका सादर करायची शेवटची तारीख माहितीपुस्तिकेत आधी पाहून ठेवा. सगळ्या विषयांत पास असून गुण कमी असतील, तर श्रेणीसुधार योजना. फेब्रुवारी-मार्चमध्ये पास झालेल्याला त्यानंतरच्या सलग तीन परीक्षांत ही संधी मिळते, म्हणजे पहिली संधी त्याच उन्हाळ्यानंतरच्या पुरवणीच्या वेळी. अर्ज आपल्याच कनिष्ठ महाविद्यालयातून भरायचा. प्रात्यक्षिकाचं काय करायचं, हे अर्ज भरतानाच तिथल्या कार्यालयात विचारून घ्या. १०० पैकी ३० गुण तिथे असतात आणि कमी तयारीत गुण वाढायची शक्यता लेखीपेक्षा तिथे जास्त.

बोर्डाचा नाद सोडून राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, म्हणजे एनआयओएसमधून, बारावी करणाऱ्यांनाही कौन्सिलच्या नियमात जागा आहे. बीएस्सीसाठी विज्ञान विषय आणि इंग्रजी हवंच: फिजिक्स ३१२, केमिस्ट्री ३१३, बायोलॉजी ३१४ आणि इंग्रजी ३०२ हे त्यांचे विषय क्रमांक. इंग्रजीऐवजी दुसरी भाषा घेऊन पास झालात, तर सगळी मेहनत फुकट. "घरबसल्या पास करून देतो" असं सांगणाऱ्या केंद्रापासून लांब राहा. नोंदणी एनआयओएसच्या संकेतस्थळावर स्वतः करता येते.

जीएनएम आणि एएनएमच्या अटी

जीएनएमला कोणतीही शाखा चालते. कला, वाणिज्य, विज्ञान, सगळे पात्र. बारावीला एकूण ४० टक्के, म्हणजे ६०० पैकी २४०, आणि इंग्रजी विषय असणं ही अट. नियमाच्या शब्दांत इंग्रजीचा स्वतंत्र उल्लेख आहे. म्हणून इंग्रजीत ३५ ते ३९ असतील, तर फी भरण्याआधी गुणपत्रिका दाखवून पात्रतेचं उत्तर लेखी घ्या. तोंडी "चालतं हो" पुढे नोंदणीच्या वेळी कामाला येत नाही.

एएनएम हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम मुलींसाठी आहे आणि बारावी पास पुरते. आरोग्य उपकेंद्रांतली आरोग्यसेविका ही त्यातली नेहमीची नोकरी. एकूण ४० टक्केही होत नसलेल्या मुलीसाठी हा खरा रस्ता आहे, कमीपणाचा नाही. कारण नोंदणीकृत एएनएमला जीएनएमच्या प्रवेशात बारावीच्या ४० टक्क्यांची अट लागत नाही, आणि वयाची वरची मर्यादाही लागत नाही. बाकीच्यांसाठी वय प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला १७ पूर्ण आणि वरची मर्यादा ३५. लग्न झालेल्या मुलींनाही प्रवेश मिळतो.

दोन ठिकाणी मात्र कमी टक्क्यांवर वेळ घालवू नका. एम्सच्या बीएस्सी ऑनर्स नर्सिंगला पीसीबी आणि इंग्रजी मिळून ५५ टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना ५०. सैन्याच्या मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसला ५० टक्के आणि तेही पहिल्याच प्रयत्नात पास हवं. श्रेणीसुधार करून ते दार उघडत नाही.

कॉलेज खरं आहे का

कमी टक्क्यांच्या मुलांना सर्वात मोठा धोका इथे आहे, कारण ती घाबरलेली असतात आणि पालक घाईत असतात. तालुक्याच्या गावी दुकानाच्या वर दोन खोल्यांत "नर्सिंग कोर्स, दहावी पास, १०० टक्के नोकरी" अशी पाटी दिसते. सहा महिन्यांचा किंवा वर्षाचा असा कोर्स करून नर्स होता येत नाही. रुग्णसेवक किंवा मदतनीस म्हणून काम मिळेल, पण नर्सिंग कौन्सिलची नोंदणी मिळणार नाही आणि नोंदणीशिवाय सरकारी भरतीत अर्जच चालत नाही.

तपासायची कागदं ठरलेली आहेत. राज्य शासनाची परवानगी, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता, आणि संलग्नता. बीएस्सीसाठी संलग्नता नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची हवी. एएनएम-जीएनएमसाठी महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाची. पत्र चालू वर्षाचं आहे का आणि त्यात तुमच्याच अभ्यासक्रमाचं नाव आणि जागांची संख्या आहे का, ते वाचा. ४० जागांची परवानगी असताना ६० मुलं भरली, तर वरच्या २० जणांचं परीक्षेचं नाव अडकतं. कॉलेजने दाखवलेल्या झेरॉक्सवर विसंबू नका. विद्यापीठाच्या, मंडळाच्या आणि इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या संकेतस्थळांवरच्या याद्यांत नाव शोधा. मग रुग्णालय पाहा: मुलं प्रात्यक्षिकाला कुठे जातात, किती खाटा आहेत, वॉर्डात खरोखर रुग्ण आहेत का. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीला कॉलेजच्या फाटकाबाहेर गाठून विचारलंत, तर दहा मिनिटांत खरं कळतं.

परराज्यातल्या कॉलेजची सीट विकणारे एजंटही फिरतात. परराज्यात शिकणं चुकीचं नाही, पण त्या राज्याच्या कौन्सिलची नोंदणी आधी घेऊन मग महाराष्ट्राची घ्यावी लागते. "हजेरीची गरज नाही, फक्त परीक्षेला या" असं जिथे सांगतात तिथे पाऊल टाकू नका. कौन्सिलच्या नियमात थिअरीला ८० टक्के हजेरी लागते आणि पदवी मिळण्याआधी प्रत्येक प्रात्यक्षिक विभागाची १०० टक्के. आणि वॉर्डात न शिकलेल्या हाताने पुढे माणसाच्या शिरेत सुई जाणार आहे, हेही विसरू नका.

मूळ कागदपत्रं एजंटकडे कधीही देऊ नका. कॉलेजला दिलीत, तर यादीसह पोच घ्या.

पैसे आणि कागद

कमी टक्के म्हणजे डोनेशन, हे समीकरण डोक्यातून काढा. राज्य शासनाच्या ८ जुलै २०२४ च्या निर्णयानुसार वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्काची १०० टक्के सवलत आहे. पण ती केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून, आलेल्यांना. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात तर ती जाते. म्हणून पहिल्या फेरीत नाव आलं नाही की लगेच घाबरून कोट्याची सीट घेऊ नका. पसंतीक्रमात लांबची, कमी नावाजलेली, आदिवासी भागातली मान्यताप्राप्त कॉलेजंही घाला आणि शेवटच्या फेरीपर्यंत थांबा. पसंतीक्रमात पाचच नावं टाकणं ही कमी गुणांच्या विद्यार्थ्याची सर्वात महागडी चूक ठरते.

कागदांत नेहमी अडतं ते तीन ठिकाणी. जात वैधता प्रमाणपत्र वेळेवर येत नाही, म्हणून त्याचा अर्ज बारावीत असतानाच करायचा. नॉन-क्रिमिलेयरची मुदत ३१ मार्चला संपलेली असते आणि ते ऐन फेरीत लक्षात येतं. बारावीनंतर वर्ष गेलेलं असेल, तर गॅपचं प्रतिज्ञापत्र विसरतं. शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, आधार आणि वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला तर हवेतच. आईचं नाव, आडनाव, जन्मतारीख सगळ्या कागदांवर अक्षरन्अक्षर जुळतात का, ते मे महिन्यातच पाहा. रंगांधळेपणा असेल तर लपवू नका, योग्य चष्मा किंवा लेन्स लावून बीएस्सीला प्रवेश मिळतो.

प्रवेश पक्का झाला, की कॉलेज सुरू होईपर्यंतचे आठवडे वापरा. बारावीत पास व्हायला ३५ लागत होते. नर्सिंगच्या विषयांत थिअरी आणि प्रात्यक्षिक दोन्हीकडे वेगवेगळे ५० टक्के लागतात, आणि पहिल्या वर्षी गळणारी मुलं बहुधा इथेच गळतात. हाडांची नावं, रक्ताभिसरणाचा मार्ग, किडनीचं काम हे इंग्रजी शब्दांसह पक्कं करा. मिलीग्रॅमचे ग्रॅम, मिलिलिटरचे लिटर ही रूपांतरं तोंडपाठ करा. हिपॅटायटिस-बी लसीचा पहिला डोस लगेच घ्या, कारण दुसरा महिन्याने आणि तिसरा सहा महिन्यांनी असतो, आणि वॉर्डातली ड्यूटी त्याआधीच लागते.